स्मारकाला जाताना : वाचकांचे प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीतल्या सहली ठरू लागल्या की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक विषय दरवर्षी येतो. जिथे माणसे मारली गेली किंवा गाडली गेली, त्या जागी जायचे तर कसे जायचे, किती वेळ ठेवायचा, मुलांना न्यायचे का, फुले वाहायची का? या अंकात अशीच पत्रे एकत्र घेतली आहेत. उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, त्याला आमचा नाइलाज आहे : स्मारकावर नावे कोरलेली असतील तर ती वाचायला वेळ ठेवा. बाकीचे सगळे नियोजन त्या वेळेभोवती करा.

प्रश्न : दिवाळीनंतर आई-वडिलांना घेऊन अमृतसरला जात आहोत. टूरवाल्याने दिलेल्या कागदावर सकाळी सुवर्णमंदिर, मग 'जालियनवाला बाग, ३० मिनिटे', जेवण आणि दुपारी वाघा बॉर्डर असे लिहिले आहे. अर्ध्या तासात काय काय पाहावे? वडिलांचे गुडघे दुखतात. (एक वाचक, गंगापूर रोड)

अर्धा तास पुरत नाही. निदान दीड तास हवा. टूरवाला ऐकत नसेल तर तेवढ्यापुरते गटातून बाजूला व्हा. सुवर्णमंदिरापासून बाग चालत पाच-सात मिनिटांवर आहे, गाडीची गरजच नाही आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. वेळ कापला जातो तो वाघ्यामुळे. सीमा शहरापासून तीसेक किलोमीटर लांब आहे, सोहळा सूर्यास्ताच्या सुमारास होतो आणि बसायला जागा मिळावी म्हणून गाड्या दुपारीच निघतात. त्या घाईत बागेची वाट लागते. म्हणून क्रम उलटा करा : सकाळी आधी बाग, मग मंदिर. जमत असेल तर वाघा दुसऱ्या दिवशी. गुडघ्यांसाठीही हे बरे. मंदिरात चपला जोडाघरात ठेवून गार फरशीवर अनवाणी चालावे लागते, बागेत पादत्राणे चालतात. बाग बहुतांशी सपाट आहे. वडिलांना मधूनमधून बसू द्या.

आत शिरताना गल्लीत थांबा. १३ एप्रिल १९१९ रोजी, बैसाखीच्या दिवशी, ब्रिगेडियर जनरल डायर याच वाटेने आत आला. दोन चिलखती गाड्या त्याला बाहेर सोडाव्या लागल्या, कारण गल्ली अरुंद होती. गाड्या आत येऊ शकल्या असत्या तर मशिनगनही चालवली असती, असे त्याने नंतर चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीपुढे सांगितले. तेव्हा गल्लीची रुंदी हातांनी मोजून पाहा. २०२१ च्या नूतनीकरणात तिथे भिंतींवर माणसांची शिल्पे बसवली आणि फरशी नवी केली. त्यावर इतिहासाच्या अनेक अभ्यासकांनी आक्षेप घेतला. आमचेही मत त्यांच्या बाजूचे आहे, कोंडलेपणाची जी जाणीव नुसत्या विटांच्या भिंती द्यायच्या ती आता शोधावी लागते. शिल्पांपाशी फोटोसाठी गर्दी साचते. ती ओलांडून कडेला उभे राहा.

पुढे भिंतींवर गोळ्यांच्या खुणा चौकटी आखून दाखवल्या आहेत. एका भिंतीवर ३६ आहेत. ५० शिपायांनी सुमारे दहा मिनिटे गोळीबार केला आणि १,६५० फैरी झाडल्या. हा आकडा झाडलेल्या गोळ्यांची रिकामी काडतुसे मोजून निघालेला आहे, अंदाजाचा नाही. नंतर विहीर, म्हणजे शहीदी कुआँ. तिच्यातून १२० मृतदेह काढल्याचे फलकावर लिहिले आहे. लोक तिच्याकडे पाहून नाणी टाकतात, तुम्ही टाकू नका आणि मुलांच्या हातातही देऊ नका. लाल दगडाचा ज्योतीच्या आकाराचा उंच स्तंभ अमेरिकन वास्तुरचनाकार बेंजामिन पोल्क यांनी रेखला. १३ एप्रिल १९६१ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. दालने शेवटी पाहा, आधी नको. आधी दालने पाहिली की लोक बाहेर येऊन बागेत हिरवळीवर बसतात आणि डबा उघडतात.

वेळ उरला तर जवळच्या टाउन हॉलमधले फाळणीचे संग्रहालय पाहण्यासारखे आहे. ते सोमवारी बंद असते. जाण्यासाठी नाशिकरोडहून मुंबई–अमृतसर एक्सप्रेस थेट आहे, आणि नांदेडची सचखंड एक्सप्रेस मनमाडला थांबते.

प्रश्न : मुलाच्या पुस्तकात जालियनवाला बागेत ३७९ जण मारले गेले असे आहे. आजोबा हजारावर सांगतात. खरे काय सांगायचे? (पालक, नाशिकरोड)

दोन्ही सांगा, आणि प्रत्येक आकडा कोणी, केव्हा मोजला तेही सांगा. ३७९ हा सरकारी आकडा. सरकारने मोजणीला सुरुवात केली ती काही महिने उलटल्यावर. गोळीबाराच्या रात्री संचारबंदी होती, त्यामुळे नातेवाइकांना जखमींपर्यंत पोहोचताही आले नाही. पुढे नाव नोंदवायला जाणे म्हणजे बंदी असलेल्या सभेला घरचे माणूस गेले होते अशी कबुली देणे, म्हणून अनेक घरे गप्प राहिली. बैसाखीसाठी बाहेरगावाहून आलेल्यांची नावे तर शहरात कोणाला ठाऊक असणार? काँग्रेसने नेमलेल्या चौकशीने मृतांचा आकडा हजाराच्या पुढे धरला.

भोपाळचेही तसेच आहे, फक्त कारण वेगळे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायुगळती झाली. सुरुवातीचा सरकारी आकडा २,२५९ होता, मध्य प्रदेश सरकारने पुढे ३,७८७ सांगितला. वायूने फुप्फुसे जळालेली माणसे पुढे कित्येक वर्षे मरत राहिली, त्यांना कोणत्या यादीत धरायचे यावर वाद आहे. मुलाला एवढे कळले तर फलकावरचा आकडा तो वेगळ्या नजरेने वाचेल.

प्रश्न : नववीच्या ४५ मुलांची सहल ठरवायची आहे. भूज-अंजार किंवा भोपाळ असा विचार आहे. काही पालक म्हणतात, एवढे दुःख मुलांना कशाला दाखवायचे. शिवाय जवळपास काही आहे का? (शिक्षिका, पंचवटी)

नववीच्या मुलांना न्यावे असेच आम्हाला वाटते. पाचवी-सहावीच्या वर्गाला मात्र अंजार दाखवू नका. का ते पुढे येते.

भूजच्या भुजिया डोंगरावरचे स्मृतिवन ४७० एकरांवर पसरले आहे. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी झालेल्या भूकंपातल्या १२,९३२ मृतांची नावे तिथे पाणी अडवण्यासाठी बांधलेल्या बंधाऱ्यांच्या भिंतींवर लावली आहेत. बंधारे पन्नासच्या आसपास आहेत, एका भिंतीसमोर उभे राहून सगळी नावे दिसणार नाहीत. शाळा काय चूक करते? थेट संग्रहालयात शिरते, तिथे दोन-अडीच तास जातात, आणि डोंगर चढायला ना वेळ उरतो ना पाय. उन्हे चढायच्या आत सकाळी आधी डोंगर करा. पाच-पाच मुलांचे गट पाडून प्रत्येक गटाला एक बंधारा द्या. प्रत्येक मुलाने एक नाव वहीत उतरवायचे. आडनावावरून एकाच घरातली किती माणसे गेली हे मुलांना आपोआप दिसते, त्यावर तुम्ही भाषण करू नका. मग संग्रहालय. त्यात भूकंपाचा अनुभव देणारे दालन आहे, जमीन हलते आणि आवाज होतो. ज्यांना दम्याचा, हृदयाचा किंवा फिट येण्याचा त्रास आहे अशी मुले आणि ज्यांना भीती वाटते अशी मुले बाहेर थांबतील, हे नाशिकमध्येच पालकांकडून लिहून घ्या. दारात उभे राहून विचारले तर कोणी मूल मित्रांसमोर 'मला भीती वाटते' म्हणत नाही. एक शिक्षक बाहेर थांबणाऱ्यांसोबत हवा. ४५ मुलांना चार मोठी माणसे लागतील. संग्रहालयाला तिकीट आहे, आणि सोमवार टाळा.

अंजार भूजपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. भूकंपाच्या वेळी गावात प्रजासत्ताक दिनाची प्रभातफेरी निघाली होती. अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंची घरे कोसळली आणि १८५ मुले व २० शिक्षक गेले. त्यांचे वीर बालक स्मारक तिथे आहे, मुलांचे चेहरे आणि वस्तू आहेत. तुमची मुले झेंडा घेऊन अशाच फेरीत चाललेली असतात, म्हणून हे स्मारक त्यांना सगळ्यांत जास्त लागेल. आदल्या दिवशी वर्गात सांगा, तिथे गेल्यावर एकदम कळू देऊ नका. रडणाऱ्या मुलाला बाजूला बसवून पाणी द्या, गप्प करू नका. मुंबईहून भुजला कच्छ एक्सप्रेससारख्या रात्रीच्या गाड्या आहेत, ती सोय नाशिकहून थेट बस करण्यापेक्षा बरी.

भोपाळसाठी पंजाब मेल नाशिकरोडहून जाते. कारखान्यासमोर जयप्रकाश नगरात बाळाला घेतलेल्या आईचा पुतळा आहे. तो १९८५ मधला, रूथ वॉटरमन या शिल्पकर्तीने केलेला. पण मुलांना वेळ द्या तो पीडितांनी आणि त्यांच्या संघटनांनी २०१४ मध्ये उभ्या केलेल्या 'रिमेंबर भोपाळ' संग्रहालयात. तिथे मृतांच्या वस्तू आहेत आणि फोनचा रिसीव्हर उचलला की त्यांच्या माणसांचे बोलणे ऐकू येते. जागा लहान आहे. ४५ मुले एकदम शिरली तर कोणालाच काही ऐकू येणार नाही. पंधरा-पंधराच्या तीन तुकड्या करा, प्रत्येकीला चाळीस मिनिटे. कारखान्याच्या आवारात परवानगीशिवाय जाऊ नका. २०२५ मध्ये तिथला ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला नेऊन जाळला, पण मातीत आणि भूजलात मुरलेले विष राहिले आहे. त्या वस्तीत हातपंपाचे पाणी मुलांना पिऊ देऊ नका.

जवळचे म्हणाल तर माळीण. ३० जुलै २०१४ ला डोंगर कोसळून आंबेगाव तालुक्यातले हे गाव गाडले गेले, १५१ माणसे गेली. जुन्या गावाच्या जागी नावांचे स्मारक आणि तेवढीच झाडे आहेत. नाशिक-पुणे रस्त्याने संगमनेर, नारायणगाव, मंचर आणि तिथून घोडेगावमार्गे जायचे. पहाटे निघाल्यास एका दिवसात होते. पावसाळ्यात नेऊ नका, घाटातली दरड तेव्हाच सुटते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठीक. ज्यांची माणसे गेली ती घरे शेजारीच नव्या माळीणमध्ये राहतात. 'तुमच्याकडचे किती गेले' असे मुलांनी विचारत हिंडू नये, हे बसमध्येच बजावा. कोणी आपणहून बोलायला बसले तर ऐका, वही बंद करून.

पालकांच्या शंकेबद्दल एवढेच सांगतो. दुःखाने मुले बिघडत नाहीत. तयारी नसताना अंगावर आलेल्या दृश्याने घाबरतात. म्हणून दोन तासिका आधी द्या. पहिलीत काय घडले आणि का : भूजमध्ये घरे का कोसळली, माळीणमध्ये डोंगर का सुटला. दुसरीत तिथे काय दिसेल आणि कसे वागायचे. परतल्यावर लगेच निबंध लिहायला लावू नका, आठवडा जाऊ द्या.

प्रश्न : सोसायटीत २६ नोव्हेंबरला संध्याकाळी मुंबई हल्ल्यातल्या मृतांना श्रद्धांजली वाहतो. गेल्या वर्षी दोन मिनिटांची शांतता चाळीस सेकंदांतच मोडली. मेणबत्त्या विझल्या आणि मुले हसायला लागली. नीट कसे करावे? (सोसायटीचे सचिव, इंदिरानगर)

शांतता मोडते कारण ती कधी सुरू झाली आणि कधी संपणार हे कोणालाच ठाऊक नसते. ३० जानेवारीला, हुतात्मा दिनी, सरकारी पद्धत पाहा : १० वाजून ५९ मिनिटांनी भोंगा सुरू होतो, अकराला थांबतो, दोन मिनिटे शांतता, मग ११ वाजून २ ते ३ पुन्हा भोंगा. तेच लहान प्रमाणात करा. शाळेची घंटा किंवा पितळी थाळी घ्या. आधीच सांगा की पहिल्या टोल्याला सगळे स्तब्ध होतील आणि दुसरा टोला पडेपर्यंत कोणी हलणार नाही. घड्याळ एकाच माणसाच्या हाती द्या आणि त्याला समोर उभे करा. माइक बंद ठेवा, नाहीतर त्याची घरघर तेवढ्या शांततेत फार मोठी ऐकू येते. 'आपण त्या वीरांना स्मरूया' असे मध्येच बोलायचे नाही, दुःखी सुरावट लावायची नाही. वॉचमनला सांगून तीन मिनिटे गेट बंद ठेवा, आणि पाण्याच्या पंपाची वेळ तपासा. संध्याकाळी नेमका तो त्याच वेळी सुरू होतो. वृद्धांनी खुर्चीतच बसावे, अर्धवट उठून पुन्हा बसताना खुर्च्या वाजतात.

शांततेआधी नावे वाचा. मृत १६६. कुठे १७५ असा आकडा दिसला तर त्यात मारले गेलेले नऊ दहशतवादी धरलेले असतात, ती यादी घेऊ नका. एका नावाला चार सेकंद धरले तरी अकरा मिनिटांत वाचून होतात. चार जणांनी चाळीस-बेचाळीस नावे वाटून घ्यावीत आणि आदल्या दिवशी मोठ्याने एकदा वाचून पाहावीत. परदेशी नावे अडखळतात, ती देवनागरीत लिहून घ्या. फक्त पोलीस अधिकाऱ्यांचीच नावे वाचायची प्रथा पडली आहे, ती आम्हाला पटत नाही. एकट्या सीएसएमटी स्थानकात ५८ माणसे गेली, गावी जायला निघालेली, बाकड्यांवर आणि जमिनीवर गाडीची वाट बघत बसलेली. त्यांची नावे कोण वाचणार?

मेणबत्त्यांऐवजी पणत्या घ्या. नोव्हेंबरच्या संध्याकाळी नाशिकला वारा असतोच. मेणबत्त्याच हव्या असतील तर काचेच्या ग्लासात दोन बोटे वाळू घालून त्यात रोवा. दहा वर्षांखालच्या मुलांच्या हाती ज्योत नको, फूल द्या. एक बादली पाणी जवळ असू द्या, ओढण्या पेट घेतात. त्या दिवशी संविधान दिनाचा कार्यक्रमही ठेवत असाल तर तो सकाळी करा. दोन्ही एकाला एक जोडले की टाळ्या आणि शांतता यांची सरमिसळ होते.

पुष्पचक्र एकच पुरे. एकेकाळी गुलशनाबाद म्हणवणाऱ्या नाशिकात फुलांची वानवा नाही, म्हणून लोक ढीग करतात आणि तिसऱ्या दिवशी तो कुजतो. थर्माकोलच्या कड्यावरचे चक्र घेऊ नका, बांबूच्या किंवा पेंढ्याच्या कड्यावर बांधून मागा. लोखंडी तार उघडी राहिली तर दगडावर गंजाचा डाग पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फुले उचलून निर्माल्य कलशात टाका, गोदावरीत नको.

प्रश्न : गावच्या हुतात्मा स्मारकावर मेणाचे, हळद-कुंकवाचे आणि तेलाचे डाग पडले आहेत. पोरांनी ॲसिडने घासायचे ठरवले आहे. चालेल का? (तरुण मंडळाचा कार्यकर्ता, सिन्नर तालुका)

थांबवा त्यांना. संगमरवर म्हणजे चुनखडीच. ॲसिडने ती विरघळते, वरची झिलई जाते आणि कोरलेली अक्षरे उथळ होतात. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांचेही तेच. दुधाचा अभिषेक करत असाल तर तोही बंद करा, दूध आंबून तेच काम हळूहळू करते. काळा पाषाण ॲसिडने तेवढा खात नाही, पण सांध्यांतले सिमेंट खाल्ले जाते आणि पाणी आत शिरते.

मेण आधी बर्फ लावून कडक करा आणि प्लास्टिकच्या पट्टीने उचला, चाकू नको. उरलेल्यावर टिपकागद ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवा, मेण कागदात शोषले जाते. तेलाच्या डागावर खडूची पूड पाण्यात घट्ट कालवून बोटभर जाड लेप द्या, प्लास्टिकने झाका, एक दिवसाने प्लास्टिक काढून लेप सुकू द्या आणि मग खरवडा. दोन-तीन वेळा करावे लागते. हळदीचा डाग उन्हाने बराच फिका पडतो. बाकी सगळे साध्या पाण्याने, पातळ केलेल्या साबणाने आणि मऊ ब्रशने. तारेचा ब्रश नको. अक्षरांत रंग भरायचा असेल तर आधी सगळ्या नावांचे जवळून फोटो काढून ठेवा, कारण रंगवणारा झिजलेली वेलांटी चुकवतो आणि मग तेच नाव कायमचे होऊन बसते.

प्रश्न : स्मारकात सेल्फी, रील चालते का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, कॉलेज रोड)

जागेचा, फलकाचा, नावाचा फोटो काढा. स्वतःचा चेहरा त्यात नको. रील नकोच. कोणी रडत असेल, हात जोडून उभे असेल, तर त्या दिशेला कॅमेरा वळवू नका.

प्रश्न : आमचे मूळ गाव औसा तालुक्यात. १९९३ च्या भूकंपात दोन काका आणि चुलत बहीण गेली. मी सातपूरला कारखान्यात आहे, आजवर ३० सप्टेंबरला गावी जाणे झाले नाही. यंदा जायचे आहे. किल्लारीला स्मृतिस्तंभापाशी पिंडदान करता येईल का? (एक वाचक, सातपूर)

जरूर जा, आणि आदल्या रात्रीच पोहोचा. नाशिकहून लातूर हा रात्रभराचा प्रवास आहे, पुढे औशामार्गे किल्लारी चाळीसेक किलोमीटर. ३० सप्टेंबरला सकाळी स्मृतिस्तंभापाशी शासकीय श्रद्धांजली असते. अधिकारी, पोलीस आणि गाड्या यांच्या गर्दीत तुम्हाला तुमच्या माणसांपाशी थांबता येणार नाही. भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते, आणि दगड-मातीच्या जाड भिंती व वरचे माळवद त्यांच्यावर आले. अनेक घरे त्या वेळेला आपापल्या घरी दिवा लावतात. तुम्हीही पुनर्वसित गावात नातेवाइकांकडे थांबून तेव्हा दिवा लावा, आणि स्तंभापाशी कार्यक्रम संपल्यावर शांतपणे जा. जुन्या गावठाणात घराची जागा शोधायला जाणार असाल तर एकट्याने जाऊ नका. सप्टेंबरअखेर पावसाने गवत माजलेले असते, पडक्या भिंती आणि आड दिसत नाहीत. बूट घाला, हाती काठी घ्या आणि गावातले जाणते माणूस सोबत घ्या.

पिंडदान स्तंभापाशी नको. सुमारे दहा हजार माणसे गेली, ती सगळ्या जातीधर्मांची होती, तो स्तंभ सगळ्यांचा आहे. तिथे फुले वाहा. विधी तुमच्या घराजवळच, रामकुंडावर होऊ शकतो. तिथीचे गुरुजींना विचारा. तिघांचीही नावे आणि गोत्र कागदावर लिहून न्या, चुलत बहिणीचे नाव बहुतेक वेळा राहून जाते.

प्रश्न : एका दिवसात मुंबईला जाऊन २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याच्या जागा पाहता येतील का? (निवृत्त शिक्षक, देवळाली कॅम्प)

येतील, सगळ्या नाही. पंचवटी एक्सप्रेस नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास निघते आणि संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास मुंबईहून परत सुटते, वेळ तेवढी तपासून घ्या. उतरता तिथेच सुरुवात करा : सीएसएमटीत मृतांच्या स्मरणार्थ फलक आहे. लोक त्याच्या समोरून लोकल पकडायला धावत असतात, तेव्हा कडेला उभे राहूनच वाचावे लागते. तिथून चालत कामा रुग्णालयाच्या बाजूची गल्ली, जिथे हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांच्या गाडीवर गोळीबार झाला. पोलीस हुतात्म्यांचे स्मारक पूर्वी मरीन लाइन्सच्या पोलीस जिमखान्यात होते, आता ते पोलीस आयुक्तालयाच्या आवारात आहे. जुन्या माहितीवर विसंबून अनेक जण अजून जिमखान्यावर जातात. आयुक्तालयाच्या आवारात सहज शिरता येत नाही. चर्चगेटकडे जाताना वाटेत हुतात्मा चौक लागतो. संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्यांचे ते स्मारक आहे, दहा मिनिटे तिथेही द्या.

दुपारी चर्चगेटहून लोकलने चर्नी रोडला उतरून गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या पुतळ्यापाशी जा. काठीशिवाय हाती काही नसताना त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत पकडला गेला. नरिमन हाउस या ज्यू केंद्रात जायचे तर आधी कळवावे लागते आणि ओळखपत्र लागते. कुलाब्याच्या लिओपोल्ड कॅफेत भिंतीवर गोळ्यांच्या खुणा ठेवल्या आहेत, पण ते चालते हॉटेल आहे. नुसत्या खुणा बघायला शिरून जेवणाऱ्यांच्या डोक्यावर उभे राहू नका. साडेपाचपर्यंत सीएसएमटीला परत या.

प्रश्न : मुलगा जपानमध्ये नोकरीला आहे, आम्ही एप्रिलमध्ये हिरोशिमाला जाणार आहोत. इथून काय न्यावे? (एक वाचक, महात्मानगर)

कागदी क्रौंच पक्षी न्या. सादाको सासाकी ही मुलगी ६ ऑगस्ट १९४५ ला दोन वर्षांची होती. दहा वर्षांनी रक्ताच्या कर्करोगाने ती गेली आणि आजारपणात ती असे पक्षी घडत राहिली. १९५८ मध्ये उभारलेल्या मुलांच्या स्मारकापाशी जगभरातून आलेले पक्षी ठेवण्यासाठी काचेची कपाटे आहेत, कोणालाही ठेवता येतात. तिथून जवळच संग्रहालय आहे, मोठ्यांना २०० येन. तीन वर्षांच्या मुलाची जळालेली तीनचाकी आणि ८ वाजून १५ मिनिटांवर थांबलेले घड्याळ तिथे आहे. त्यासाठी दोन तास आणि सकाळची वेळ ठेवा.

पक्षी हजार करायचे असतील तर आतापासून बसा. साडेसात सेंटिमीटरचे चौकोनी कागद घ्या, पतंगाचा कागद नको, तो घडीवर फाटतो. सराव झाल्यावर एका पक्ष्याला तीन मिनिटे लागतात, म्हणजे घरातल्या चौघांनी रोज अर्धा तास दिला तर महिन्याभराच्या आत होतात. प्रत्येक दोऱ्यात २५ असे ४० दोरे ओवायचे. सुई पोटाच्या मधून घालून पाठीवरच्या टोकातून काढा, म्हणजे पक्षी तिरका लटकत नाही. सर्वांत खालच्या पक्ष्याखाली मणी किंवा पुठ्ठ्याचा लहान चौकोन गाठीत अडकवा, तसे केले नाही तर दोरा उचलताच सगळे पक्षी खाली घरंगळतात. बॅगेत दाबून नेऊ नका, बुटांच्या खोक्यात आडवे रचून नेले की चुरगळत नाहीत.